राजाने बोलावलं तरी मी गेले नाही

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे विषय मॅडम वर्गातच विचारत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "कॉम्प्युटरवरच्या खेळांत लोक दुसऱ्या कुणाचं तरी रूप घेऊन तासन्‌तास का राहतात, यावर मला लिहायचंय." पाठ असूनही मी मध्ये एकदा अडखळले. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा प्रेमाने पाहिलं, आणि तेच मला जास्त लागलं.

"तू लालबागची ना? वडील गिरणीत होते?"

"हो मॅडम."

"संपात होते?"

"हो."

"मग? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! घरात एवढं सगळं असताना तू त्या मारामारीच्या खेळांवर लिहिणार? अगं, ती पळवाट आहे. पळवाटेचा काय अभ्यास करायचा? तू संपावर लिही, आत्ता सही करते. नाहीतर सोमवारपर्यंत विचार कर आणि मला पटवून दे."

मार्गदर्शकाची सही नसेल तर प्रकल्प सुरूच होत नाही, आणि प्रकल्प नसेल तर पदवी अडते. आमच्या घरात पदवीच्या जवळ पोचलेली मी पहिलीच. मॅडमना उलट बोलायचं कसं, हे मला घरात कुणी शिकवू शकणार नव्हतं. मी "हो" म्हणून खाली बसले. घरी जाताना परळच्या पुलावर मला एवढा राग आला की मी एका जागी उभी राहिले. 'तुला कशावर लिहायचंय?' हा प्रश्न तीन वर्षांत कॉलेजने मला पहिल्यांदाच विचारला होता. मी उत्तर दिलं, तर ते उत्तर माझं नाहीच असं निघालं.

आता त्या खेळाबद्दल सांगायला हवं.

भोईवाड्याला माझा मामा राहतो. मामेभाऊ मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि त्याने स्वतः सुटे भाग जमवून एक कॉम्प्युटर उभा केला होता. रविवारी दुपारी आम्ही तिकडे जेवायला जायचो. बांगड्याची कढी आणि भात खाऊन सगळे आडवे झाले की तीन ते पाच तो कॉम्प्युटर माझा. त्याच्या बदल्यात मी त्याच्या एका परीक्षेची उत्तरं लिहून दिली होती. ते काही बरोबर केलं नाही, पण केलं.

खेळ असा, की एक मोठा काल्पनिक मुलूख असतो. डोंगर, खाड्या, गावं, किल्ले, आकाशातून आग ओकत येणारी जनावरं. सुरुवातीला आपण कोण ते आपणच ठरवायचं. बाई की पुरुष, वय किती, चेहरा कसा, हाताला काय येतं. मग राजाचा निरोप येतो की राज्य संकटात आहे, ताबडतोब या. गंमत अशी की तो निरोप मानलाच पाहिजे असं नाही. न मानता मुलूखभर कुठेही जाता येतं, कुणाच्याही दुकानात काम करता येतं, नदीकाठी बसता येतं.

मामेभाऊ पहिल्याच दिवशी किल्ल्यावर पोचला होता. त्याचा माणूस दंडाने आडवा, अंगभर चिलखत. मी केली एक पंचेचाळीस वर्षांची बाई. रुंद चेहरा, केसांत पांढरे, काम औषधी पाला गोळा करून विकणं. समुद्राकडच्या गावातून आलेली. तलवार तिला येत नाही.

"ही कोण? आपली आत्या काय?" मामेभाऊ म्हणाला.

"असू दे."

"अगं, मर्जीप्रमाणे बनवता येतं तर जरा हिरॉइन बनवायची ना. आणि चालतेस काय? घोडा आहे, बटण दाबलं की पळते."

"ती पळत नाही."

"का? गुडघे धरलेत?"

"तिला घाई नाही."

"तुझ्या घरी पण पालेभाजी, इथं पण पालेभाजी. निवड आता कोथिंबीर." आणि तो गादीवर उताणा पडून हसत सुटला.

मी काही नियम केले होते. चालायचं, धावायचं नाही. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरायचं नाही, खेळ शिरू देत असला तरी. दुकान बंद असेल तर उघडेपर्यंत बाहेर थांबायचं. कुणाला शब्द दिला तर आधी तो पाळायचा. हे नियम खेळाने घातलेले नव्हते, मी घातले होते, आणि त्यातच सगळी मजा होती. मॅडमना हेच सांगायचं होतं. पळूनच जायचं असतं तर मी बंद दुकानाबाहेर पावसात थांबणारी बाई कशाला झाले असते? मी सरळ राणी झाले असते.

आणि चालणं. आमच्या खोलीपासून जिन्यापर्यंत नऊ दारं आहेत. नऊ दारांतून विचारतात, "काय गो, खय चललंस?" "क्लासला?" "एवढ्या उन्हाचा?" "ओढणी नवीन?" त्याच बायकांनी मला वाढवलं, तापात माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण कारण न सांगता मी आयुष्यात कधी कुठे गेलेली नाही. ती बाई रविवारी दोन तास कारण न सांगता चालते. एकदा ती नुसती एका टेकडीवर गेली, उभी राहिली आणि परत आली. मामेभाऊ म्हणाला, "काय मिळालं?" मी म्हटलं, "काही नाही." ते 'काही नाही' म्हणताना मला किती बरं वाटलं, ते त्याला कळलं नाही.

लोक दोन दिवस लोणावळ्याला जातात त्याला चेंज म्हणतात. आम्ही दोन तास कुठे गेलो की ती पळवाट.

तरीही शनिवारी मी वही घेऊन बाबांसमोर बसले. सही हवी होती. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, बदली कामगार होते; कुणी गैरहजर असलं तरच त्या दिवशी काम मिळायचं. संप झाला तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे. नंतर ते एका कचेरीत शिपाई झाले. संपाबद्दल विचारायला आमच्या चाळीत लोक नेहमी येतात. वर्तमानपत्रवाले, कॉलेजवाले, कॅमेरे घेऊन परदेशी मुलं. चाळीची कमिटी त्यांना सरळ आमच्या खोलीकडे पाठवते, कारण बाबा चांगलं बोलतात. हा आता रिवाजच झाला आहे. पाहुणे येणार कळलं की आई टीव्ही बंद करते आणि फ्रिजवर चादर टाकते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही. एकदा एक फोटो काढणारे गृहस्थ बाबांना म्हणाले होते, "काका, जरा इकडे सरका, मागे फ्रिज दिसतोय." तेव्हापासून ती स्वतःच टाकते.

मी म्हटलं, "बाबा, मला संपाचं सांगा. कॉलेजसाठी हवंय."

आईने फ्रिजकडे पाहिलं. "घरच्याच माणसाला सांगतायत गो," असं स्वतःशीच म्हणून परत बसली.

बाबांनी पाठ ताठ केली. घरात ते मालवणीच बोलतात, पण आता एकदम शुद्ध बोलू लागले. "त्या दिवशी सकाळी भोंगा झाला नाही. आम्ही गेटाबाहेर उभे होतो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं..." आणि इथे ते थांबले. मी लिहिता लिहिता वर पाहिलं. हे मी लहानपणापासून दहा-बारा वेळा ऐकलेलं आहे. दर वेळी ते इथेच थांबतात. इथेच खिडकीकडे बघतात.

"बाबा, तुम्ही तिथे का थांबता?"

"म्हंजे?"

"'बोलत नव्हतं' म्हणून झालं की थांबता. नेहमी."

ते जरा ओशाळले, मग हसले आणि पुन्हा मालवणीवर आले. "तेंका ताच आवडता. थय थांबलंय की ते मान हलयतत."

"मग खरं काय झालं होतं?"

"खरा? पयल्या दिवशी मी धा वाजेसर झोपलंय. बदलीवाल्याक कधी झोप मिळा होती? मगे आमी कॅरम खेळलव. पंधरा दिवस नुसतो कॅरम. मजा इली."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी इचारल्यान नाय." मग माझ्या वहीकडे बघत म्हणाले, "आयक, मी खोटा सांगत नाय हां. पुढे जा झाला ता झालाच. तुझ्या मोठ्या काकान गाव धरल्यान तो परत इलो नाय. ता सगळा खरा. पण लोक येतत ते आधीच ठरवन येतत, मी कसो दिसाक व्हयो ता. मी तसो दिसतंय."

मी वही मिटली. मला आधी मॅडमचा राग आला होता, आता सगळ्यांचाच आला. माझ्या बाबांना गेली कित्येक वर्षं लोकांनी एक सोंग दिलेलं होतं, आणि ते सोंग त्यांनी निवडलेलं नव्हतं. त्यात दहा वाजेपर्यंत झोपायची परवानगी नव्हती, कॅरम नव्हता, फ्रिज नव्हता. आणि सोमवारी मी सही घेतली की त्याच नाटकात मलाही उभं राहायचं होतं, संपकऱ्याची मुलगी म्हणून. कॉलेजात मी 'होय' ऐवजी 'हो' म्हणायला शिकले, डब्यात सुकट नेणं बंद केलं. तेवढं सोंग पुरेसं नव्हतं का?

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवण झालं, आई आणि मामी आडव्या झाल्या, आणि का कोण जाणे, बाबा त्या दिवशी झोपले नाहीत. येऊन माझ्या मागे स्टुलावर बसले. माझी बाई एका घराबाहेर उभी होती, पाठीवर पाल्याची टोपली.

"ही कित्याक उभी रवली?" बाबांनी विचारलं.

मामेभाऊ गादीवरून ओरडला, "विचारा, विचारा तुमच्या लेकीला! दाराला कडी नाही, आत सोन्याचा हार आहे, माझ्या खेळात मी काल उचलला. ही पंधरा मिनिटं उभी आहे."

"घरवाला झोपलाय," मी म्हटलं. मला आता दोघांच्याही हसण्याची भीती होती.

"बरोबर," बाबा म्हणाले. "न इचारता आत कशी जातली?" मग पुढे वाकून त्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला. "ही खयची?"

"समुद्राकडची."

"हिचो घोव खय?"

"नवऱ्याचं... मी ठरवलं नाही."

"मेलो काय सोडल्यान?"

"बाबा, खेळात ते विचारत नाहीत."

"खेळ इचारीना नाय तर काय झाला? तू ठरव. मेलो तर ती येगळी चालतली, सोडल्यान तर येगळी. तुका ठाऊक नाय तर तुझी बाय चालतली कशी?"

मामेभाऊ उठून बसला. "काका, तुम्ही पण?"

तेव्हा बाबांनी सांगितलं. मला एवढंच माहीत होतं की चाळीच्या पूजेला पूर्वी आमचे कोकणातले लोक दशावतार करायचे आणि बाबा त्यात असायचे. ते राणी व्हायचे हे माहीत नव्हतं. दशावतारात बोलणं लिहिलेलं नसतं. कथा ठरलेली, कोण कधी येणार ते ठरलेलं, बाकी तोंडाला येईल ते ज्याचं त्याने बोलायचं. म्हणून सोंग घेणाऱ्याला आपण कोण आहोत ते आतून माहीत असावं लागतं, नाहीतर समोरच्याने एक प्रश्न विचारला की बोंब. संपानंतरच्या एका पूजेला कथेत राजा राणीला राज्याबाहेर घालवतो असं होतं. राणीने डोळे पुसायचे आणि निघून जायचं. राजा झाला होता त्यांच्याच खात्यातला जॉबर, म्हणजे कामगारांच्या हजेऱ्या आणि बदल्या ज्याच्या हातात, तो माणूस.

"मी काय गेलंय नाय," बाबा म्हणाले. "मी थयच उभी रवलंय. म्हटलंय, महाराज, घालवा, पण का घालवताय ते सांगा. तो काय तरी बोललो. मी परत इचारलंय. परत. पंधरा मिनटा. तेका उत्तरच सुचना नाय. लोक टाळ्ये वाजयतत, पेटीवालो हसता. गिरणीत त्याच्याफुडे माझा तोंड उघडत नव्हता."

बोलताना ते स्वतःला 'उभी' म्हणाले, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मग तो काय म्हणाला नंतर?" मामेभावाने विचारलं.

"काय म्हणतलो? राणी बोलली. मी थोडोच बोललंय?"

मी विचारलं, "बाबा, ती पळवाट होती का?"

त्यांना तो शब्दच नीट कळला नाही. "पळाचा असता तर उभी कित्याक रवली असतंय?"

घरवाला उठला, दार उघडलं. माझी बाई आत गेली. मी तोपर्यंत ठरवलं होतं की नवऱ्याने सोडलेलं नाही, तिनेच त्याला सोडलं आहे. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अशी. मगे बरोबर चालता."

सोमवारी मॅडमच्या खोलीबाहेर रांग होती. माझ्यापुढच्या मुलाचा विषय होता कॉफी पिण्याच्या नव्या जागा आणि तिथे बसणारी तरुण मुलं. त्याला दारातच सही मिळाली. त्याचे वडील काय करतात, कुठे राहतात, काहीच विचारावं लागलं नाही. मी आत गेले आणि अर्धा तास बोलले. नियमांचं सांगितलं, चालण्याचं सांगितलं. पटेनासं दिसलं तेव्हा माझ्या तोंडून बाबांची राणी निघून गेली. ती सांगायला नको होती.

मॅडम खुर्चीत पुढे झाल्या. "अगं, हे तर अप्रतिम आहे! गिरणी, संप, दशावतार आणि शेवटी तुझा तो खेळ. एक काम कर, वडिलांना एकदा वर्गात आण. थोडं करून दाखवतील, संपाचं सांगतील."

मला कळलं की त्यांना मनापासून आनंद झाला होता. म्हणूनच 'नाही' म्हणणं इतकं अवघड गेलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत म्हटलं, "नाही मॅडम. त्यांना आणणार नाही. त्यांचं लिहिणारही नाही. मला फक्त माझ्या विषयाची सही हवी."

"तू उगाच हट्ट करतेस. गुण कमी पडले तर मला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

त्यांनी सही केली. मी बाहेर आले. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. मला एवढंच वाटत होतं, की हे मला मागावं का लागलं?

प्रकल्प मी लिहिला. मामेभावाला आणि त्याच्या दुकानातल्या चौघांना प्रश्न विचारले. एक जण, दिवसभर गिऱ्हाइकाला 'सर, सर' करणारा, खेळात चोर होता, पण फक्त सावकारांकडे चोरी करायचा. दुसरा पुजारी होता आणि कुणालाही मारत नव्हता. सगळे आधी लाजले आणि मग थांबेनात. असं कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. संपाचं एक अक्षर मी लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी कच्चा मसुदा परत आला. 'मला हे का आवडतं' या परिच्छेदाशेजारी मॅडमनी लाल शाईने लिहिलं होतं: 'हे तुझ्यासारख्या मुलीला का आवडावं, हे स्पष्ट होत नाही.'

मी जिन्यात उभी राहून ते दोनदा वाचलं. खाली फाटकाशी मैत्रिणी थांबल्या होत्या. मी परत वर गेले, दारावर टकटक केली, आणि आत गेल्यावर मसुदा त्यांच्यासमोर ठेवला.

"मॅडम, माझ्यासारखी म्हणजे कशी?"

त्यांनी आपलंच वाक्य वाचलं. आधी म्हणाल्या, "मला तसं म्हणायचं नव्हतं." मग अगदी साध्या आवाजात, "म्हणायचं होतं बहुतेक." आणि पेन घेऊन त्यांनी 'तुझ्यासारख्या मुलीला' खोडलं. 'तुला' असं लिहिलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

आता तो प्रश्न रास्त होता, आणि आता तो माझ्याच वाट्याचा होता. मी समोरच्या खुर्चीत बसले. मला नीट सांगता येईल की नाही याची खात्री नव्हती. मी म्हटलं, "मॅडम, तो खेळ सुरू झाला की सगळ्यात आधी विचारतो, तू कोण. आणि मग मी सांगेपर्यंत थांबतो."

त्यांनी मान हलवली नाही. लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हे नाही लिहिलंस मसुद्यात," आणि कागद माझ्याकडे सरकवला.